गोजरकाकूंची पानवेल

विड्याचं पान हातात आलं की गोजरकाकू ते मळ्याच्या कोणत्या कोपऱ्यातलं आहे हे सांगत. ओट्यावर ओल्या तरटावर पानांचा ढीग पडलेला असायचा. काकू एकेक पान उचलून लहान-मोठं वेगळं करायच्या, देठाला देठ लावून कवळी, म्हणजे पानांची चळत, रचायच्या आणि मध्येच थांबून नवऱ्याला म्हणायच्या, "वरच्या आंगच्या वाफ्यात पाणी कमी पडून राह्यलं."

"तुले काय माईत?" तुळशीरामकाका गुरकावत. आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन वरच्या वाफ्याचा दांड गुपचूप मोकळा करत. हे मला काकांनीच एकदा बोलण्याच्या भरात सांगितलं, आणि सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी हसू दाबायला खोलीत पळाले.

गंमत पुढेच आहे. या बाईनं पानमळा कधी आतून पाहिलाच नव्हता. लग्न होऊन तीस वर्षं झाली, लाखो पानं हातांतून गेली, पण वेलीवर लटकणारं पान तिच्या डोळ्यांना माहीत नव्हतं. त्या घराण्याची चाल तशी होती. नागवेल सोवळ्याची, तिला बाईची सावलीसुद्धा सोसत नाही, पडली की वेल सुकते, असं ते लोक मानत. पुरुषांनीही मळ्याच्या झोप्याबाहेर, म्हणजे कुडाच्या दाराबाहेर, चपला काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं. बायकांना तर झोप्याच्या अलीकडेच थांबायचं.

मी चिखलीची. जिल्हा परिषदा नव्यानं झाल्या त्या बासष्ट साली मला जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत नेमणूक मिळाली. वय तेवीस, राग नाकावर. काकांच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली. तिचं एक दार ओट्यावर आणि दुसरं परसात उघडायचं. घरात माणसं तीनच: काका, काकू आणि काकांची थोरली विधवा बहीण झुंबरबाई. तिला सगळे आक्का म्हणत. दोन्ही मुली लग्न होऊन अकोटला आणि संग्रामपूरला गेल्या होत्या. बायकांनी मळ्यात जायचं नाही हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मी तिथल्या तिथं म्हणाले, "हा काय मूर्खपणा!" आक्का पुढे आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नववा दिवस उजाडला तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, बादली वाटेत ठेवली तुमी." एवढंच.

काकांच्या, पानमळे करणाऱ्या बारी समाजात नागपंचमी हा मोठा सण. त्या दिवशी पान खुडत नाहीत, मळ्यात वेलीची पूजा करतात. त्रेसष्टच्या नागपंचमीला मीही काका, काकू आणि आक्कांबरोबर मळ्यापर्यंत गेले. काकूंनी पहाटेपासून खपून पुरणाची दिंडं उकडली होती, पूजेचं ताट सजवलं होतं. झोप्याशी पोचल्यावर त्यांनी ते काकांच्या हाती दिलं. काका अनवाणी आत गेले आणि झोपा लागला. आम्ही तिघी बाहेर. आक्का पाठ करून उभ्या राहिल्या. काकू मात्र कुडाच्या फटीला डोळा लावून वाकल्या होत्या, चव्वेचाळीस वर्षांची बाई.

"दिसलं काही?" मी विचारलं.

"शेवरीचे खोडं दिसून राह्यले, बाई. बाकी हिरवंच हिरवं." त्या सरळ झाल्या आणि डोळ्याला लागलेली कुडाची माती पदरानं पुसू लागल्या. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

दुपारी काका जेवायला बसले. काकू वाढत होत्या. वाढता वाढता हातातली पळी तशीच धरून त्या म्हणाल्या, "मले एकदा मळा आतून पाहाचा हाय."

काकांना ठसका लागला. आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. काका माणूस वाईट नव्हते. त्यांना बायकोची माया होती, पण वाडवडलांची भीती तिच्याहून जास्त होती. ठसका ओसरल्यावर ते हसून म्हणाले, "अवं, बाईच्या हातची नागवेल जगत नाई. हे काय मेथी-कोथिंबीर हाय? तू परसात एक वेल जगवून दाखव. पुढच्या नागपंचमीच्या आदल्या रोजी मी तिचं पान खाईन. माह्या मळ्याच्या तोडीचं निघालं त मीच नेईन तुले आत."

"शर्त?" काकूंनी विचारलं.

"शर्त!"

"मी साक्षीला आहे," मी खोलीच्या दारातून ओरडले. काकांना मी तिथं आहे हे माहीतच नव्हतं. आता माघार घ्यायची सोय उरली नाही. चारच दिवसांनी त्यांनी मळ्यातून तीन पेऱ्यांचं एक बेणं आणून दिलं आणि काकूंनी ते परसातल्या शेवग्याच्या बुडाशी लावलं.

ते बेणं काकूंनी मायेनं मारलं. दुसरा शब्द नाही. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पुन्हा पाणी. माहेरी आलेल्या लेकीला आग्रहानं खाऊ घालावं तसं चाललं होतं. महिन्याभरात देठ काळा पडला, बोट लावलं तर बुळबुळीत. काकूंनी ते उपटून हातात धरलं आणि माझ्यासमोर रडल्या. आक्का ओट्यावरून म्हणाल्या, "सांगतलं होतं ना? बाईच्या हाताले नाई लागत थे." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आजवर ऐकत आलेली गोष्ट खरी निघाली, याचं त्यांना समाधान होतं. मला मात्र त्यांच्या समाधानाचाही राग आला.

मग दसऱ्याच्या आसपास एक दिवस ओट्याच्या कडेला ओल्या तरटात गुंडाळलेलं काहीतरी पडलेलं दिसलं. आत तीन जाडजूड बेणी. काका मोटेचा नाडा तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "फेकाचे होते. अठीच राह्यले."

या वेळी काकू घाईत नव्हत्या. शेवग्याभोवती त्यांनी हातभर उंच माती चढवली. नदीकाठची भुसभुशीत माती चाळून घेतली, तिच्यात जुनं शेणखत आणि करडईच्या ढेपेचा चुरा मिसळला, पाणी साचू नये म्हणून उतार काढला. पाणी किती द्यायचं हे त्या बोटाच्या पेरानं ठरवायच्या. माती पेरभर आत ओली लागली तर घागर परत. तीनही बेण्यांना पालवी फुटली. तांबूस, चकचकीत पहिलं पान उलगडलं तेव्हा काकूंनी मला शाळेत निरोप पाठवायचं तेवढं बाकी ठेवलं. मी घरी आले तर दारातच अडवून म्हणाल्या, "बाई, चपला काढा."

"खोलीत?"

"परसात पाऊल ठेवाच्या आंधी. अठी नागवेल हाय आता."

तेव्हापासून त्या परसात चपलेनं जायला कुणालाही परवानगी नव्हती. दळण नेणारी बाई, कडबा टाकणारा गाडीवान, सगळे अनवाणी. आमच्या मुख्याध्यापिका एकदा मला भेटायला आल्या, त्यांनाही काकूंनी पट्ट्याचे सँडल सोडायला लावले. त्यांची जाडी बघता ते काम सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मला म्हणाल्या, "तुमच्याकडे देवघर फार मोठं दिसतं."

थंडीत वेल रखडली, पण टिकली. आक्का तिच्याकडे बघतही नसत. त्यांच्या लेखी तो खेळ होता. नागवेल मळ्यात असते, शेवग्यावर चढते ती नुसती वेल, असा त्यांचा हिशेब. म्हणूनच दर महिन्याला काकू बाहेर बसायच्या तेव्हा आक्कांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बाहेर बसायची जागा म्हणजे परसातली पडवी, शेवग्यापासून चार हातांवर. तीन दिवस काकूंना चूल नाही, भांडी नाहीत, पानांच्या कवळ्या नाहीत. वेगळी घागर, वेगळी ताटली. एरवी पहाटेपासून घरात राबणारी ती बाई त्या तीन दिवसांत फक्त वेलीसमोर बसायची. पान उलटून कीड बघायची, लव्हाळ्यानं हळू बांधायची, शेंड्याला खोडाकडे वळवायची, आपल्या घागरीतलं पाणी घालायची. वेलीची खरी चाकरी त्या दिवसांत व्हायची. मी स्वतः बाहेर बसत नव्हते. शाळेचं कारण पुढे करून खुशाल खोटं बोलत होते, त्यामुळे या विषयावर तोंड मिटून होते.

चैत्र संपला आणि ऊन पिसाळलं. जळगाव जामोदच्या उन्हाळ्याची ज्यांना कल्पना नाही त्यांनी सुखी राहावं. सातपुड्याच्या बाजूचे उघडे डोंगर दिवसभर तापायचे आणि दुपारी अंगणात जी झळ यायची तिनं ओलं लुगडं वाळत घालून वळेपर्यंत वाळायचं. वेलीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तीनातली एक वेल एका आठवड्यात गेली. काकूंनी पश्चिमेला कडब्याची ताटी उभी केली, वर तरट बांधलं, भर दुपारी त्यावर पाणी मारलं, वेलीलाही घातलं. तरी दुसरी वेल मान टाकू लागली.

त्या दिवशी काका जेवून ओट्यावर आले आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत बगीचा हाय ना?"

आमच्या शाळेत एक बाभूळ होती. मी "नाही" म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मी म्हणाले, "आहे की! मोठा आहे."

"मंग तुमच्या पोरीइले सांगा. दुपारी पाणी नाई द्याचं. तापल्या मातीत पाणी पडलं त मूळ शिजते. सकाळी सूर्य निंगाच्या आंधी द्याचं. आन् खालचे जुने पानं खुडून टाकाचे, वेलीवरचा भार कमी करा म्हणा."

"सांगते, काकाजी."

"जोरात सांगा. पोरीइले आयकू येत नाई," काका म्हणाले आणि डोक्याला फडकं गुंडाळून उन्हात निघून गेले.

पुढचा महिनाभर आमच्या शाळेच्या त्या बागेची फार काळजी घेतली गेली. ढेप किती, माती कधी चढवायची, बुंध्याशी पाला का पसरायचा, काका ओट्यावर बसून मला शिकवत आणि काकू दाराआडून शिकत. शर्तीतल्या प्रतिस्पर्ध्याला उघड मदत करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दुसरी वेल सावरली. मी त्या दोघांकडे बघून इतकी खूश व्हायचे की आईला पत्रात पानवेलीशिवाय दुसरं काही लिहीत नव्हते. आईनं उलट विचारलं, तू तिथं शिकवतेस की शेती करतेस?

मृगात, आर्द्रात वेली उधळल्या. आषाढ सरला तेव्हा शेंडे शेवग्याच्या फांदीपर्यंत पोचले होते. पानं तळहाताएवढी, हिरव्यात किंचित पिवळी झाक, हात लावला तर गार. काकू एकही पान कुणाला देत नव्हत्या. मी मागितलं तर म्हणाल्या, "पह्यलं पान त्याइले. मंग तुमाले."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी काका आंघोळ करून, डोक्याला स्वच्छ पांढरं फडकं बांधून परसात आले. अंगठ्याला पान खुडायची लोखंडी नखी. आक्काही आल्या. काकू शेवग्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

काकांनी वेल खालपासून वरपर्यंत बघितली. मधलं एक पान खुडलं. देठ कट्कन तुटला. पान उन्हाकडे धरून शिरा बघितल्या, मांडीवर पुसलं, मधली शीर नखीनं सोलली आणि चुना-कात काही न लावता नुसतंच तोंडात घातलं. ते सावकाश चावत राहिले. मी हातातली पुस्तकं छातीशी घट्ट धरली होती. शाळेची घंटा झाल्याचं ऐकू आलं, पण मी हलले नाही.

"कसं हाय?" काकूंनी विचारलं.

"पान चांगलं हाय." काकांना खोटं बोलता येत नव्हतं. "लयच चांगलं हाय. तोंडात चोथा नाई राह्यत." मग त्यांनी वाडवडील आठवून मान हलवली. "पन हे परसातली वेल हाय. हे काय मळा हाय?"

माझा संताप झाला. "मळा नाही? मग चपला कुठे आहेत तुमच्या, काकाजी?"

काकांनी खाली बघितलं. पाय अनवाणी होते. चपला दाराच्या अलीकडे नीट जोडीनं काढलेल्या होत्या. त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. ते क्षणभर गडबडले, पण मग त्यांचे डोळे चमकले. "बरं. मळा हाय म्हणा. मंग मळ्यात बायका काऊन उभ्या हायेत? बाई उभी राह्यली अन् वेल जगली, असा मळा मी नाई पाह्यला!"

मी स्वतःच्याच बोलण्यात अडकले होते. तेवढ्यात आक्का पुढे झाल्या. भावाची बाजू पक्की करायची संधी त्यांना सोडवेना.

"उभी काय म्हनतं, तुळशीराम?" त्या कडाडल्या. "दर महिन्याले तीन तीन दिवस अठीच बसते थे! याच पडवीत! आपल्या घागरीतलं पाणी घालते, हातानं वेल बांधते, मी या डोयांनं पाह्यलं! बाटलेली वेल हाय हे. थुक थे पान!"

काकू पांढऱ्या पडल्या. काकांचा जबडा थांबला होता, गालात पान तसंच होतं. त्यांनी आक्कांकडे बघितलं, मग पडवीकडे, मग पडवीपासून शेवग्यापर्यंतचं चार हातांचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग वेल बघितली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, पान न् पान. वर्षभर ती वेल बाहेर बसलेल्या बाईच्या सावलीत वाढली, हे आता त्यांच्यासमोर होतं, आणि सांगितलं होतं ते त्यांच्याच बहिणीनं, जिच्या साक्षीवर शंका घ्यायची सोय नव्हती. आक्कांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

काका पुन्हा चावू लागले. सावकाश, शेवटपर्यंत. आणि त्यांनी पान गिळलं.

"उद्या पूजेचं ताट तूच आत आन," ते काकूंना म्हणाले. आवाज बसला होता. "मास्तरीणबाईले पन आन. साक्षीले होत्या ना."

ते चपला न घालताच बाहेर गेले. काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की मला वाटलं रडताहेत. मग त्यांनी उठून एक पान खुडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी त्या दिवशी शाळेत अर्धा तास उशिरा गेले आणि बोलणी खाल्ली, तोंडात पान होतं म्हणून जास्तच.

नागपंचमीला आम्ही निघालो तेव्हा आक्काही बरोबर चालू लागल्या. झोप्याशी काकांनी हात पुढे केला, पण ताटासाठी नाही. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं. मी मागोमाग गेले. आक्का बाहेर थांबल्या.

आत किती गार होतं! शेवरीच्या रांगाच रांगा, प्रत्येक खोडाला वेल, आणि ऊन पानांतून गाळून हिरवं होऊन खाली पडलेलं. काकूंनी पूजा केली, दूध ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. मग त्या उठल्या आणि चालू लागल्या. मला वाटलं होतं त्या बावरून जातील. छे! त्या थेट वरच्या अंगाला गेल्या, एका पानाखाली हात धरून म्हणाल्या, "हाच थो वाफा. पाणी कमी पडते थो." तिथून उजवीकडे. "अठी वारा लागते. अठचे पानं कडेले राठ येतेत." तीस वर्षं बोटांनी ओळखलेला मळा त्या डोळ्यांनी पडताळून बघत होत्या, आणि एकही जागा चुकत नव्हती. काका त्यांच्या मागून चालत होते, पाहुणा चालतो तसे. मला भरून आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला. "गोजर! कसं हाय वं आतून?"

आम्ही थबकलो. हा मळा आक्कांच्या बापानं लावलेला. आक्का याच मळ्याच्या पैशावर न्हात्या-धुत्या झाल्या, विधवा होऊन याच मळ्याकडे परत आल्या, आणि पासष्ट वर्षांत त्यांनी झोपा ओलांडला नव्हता. ती चाल काकूंवर त्यांनी लादली होती खरी, पण त्याआधी ती त्यांच्यावर लादली गेली होती, आणि हे माझ्या रागीट डोक्यात दोन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या झोप्याबाहेर गेल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. आक्कांचा "नाई, नाई वं" असा आवाज दोनदा आला. मग झोपा करकरला आणि दोघी हातात हात धरून आत आल्या. आक्का पहिल्या रांगेशीच थांबल्या. वेलीला हात लावायचा धीर त्यांना होईना. मग एका बोटानं त्यांनी एक पान उचललं, खालून बघितलं, सोडलं. आणि तिथंच मातीवर बसल्या. काकू त्यांच्या शेजारी बसल्या.

बराच वेळ गेला. उन्हं कलली. काकांना भूक लागली होती. सणाच्या दिवशी या वेळेला त्यांचं जेवण उरकलेलं असे. दोनदा खाकरून शेवटी ते म्हणाले, "चाला आता. घरी जाऊ."

आक्कांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"तू होय पुढं, तुळशीराम," त्या म्हणाल्या. "दिंडं झाकून ठेवले हायेत. आपल्या हातानं वाढून घे."

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्यापैकी कुणीच उठलं नाही. ते एकटेच घरी गेले.